‘जितकं खोल, तितकं जुनं’: भारतात हा हिशेब कुठे फसतो?

सध्या फिरणारा दावा असा: खडकांचे थर चवडीसारखे असतात, खालचा जुना, वरचा नवा, थराच्या जाडीवरून काळ मोजता येतो, आणि याच हिशेबाने भारतातला क्रम इंग्रजांच्या काळातच पक्का झाला.

‘खालचा जुना’ हे गाळ साचताना खरं. पुढे थरांना घड्या पडल्या, ते सरकले, की संपलं. हिमालयाच्या पायथ्याशी भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी 1864 मध्ये दाखवलेल्या मुख्य सीमेवर (ही खडकांतली मोठी भेग) जुने खडक शिवालिक टेकड्यांच्या तरुण खडकांवर चढून बसले आहेत. म्हणून आधी थर उलथा तर नाही ना, ते बघायचं. थर सुलट असेल तर कण वरच्या दिशेने बारीक होत जायला हवेत. वालुकाश्मातल्या तिरप्या रेघा वर छाटलेल्या, खाली वळून टेकलेल्या हव्यात. बेसाल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या, प्रवाहात नळीसारख्या पोकळ्या तळाशी असतात, फेसाळ भाग माथ्याशी. मग दोन थरांची हद्द: तिथे चुरा आणि ओरखडे असतील तर सरकण्याची शंका घ्यायची. बेसाल्टच्या पट्टीच्या वरचा आणि खालचा, दोन्ही खडक भाजलेले असतील, तर ती पट्टी मागाहून घुसलेली.

जाडीचं तर विचारूच नका. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या विंधणीत 338 मीटर बेसाल्ट लागला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळ आणि लगेच 200 कोटी वर्षांहून जुना पायाचा खडक! मधला काळ साचलाच नाही, किंवा झिजून गेला.

‘पक्का झाला’ म्हणावं, तर भूवैज्ञानिक ओल्डहॅम यांनी 1856 मध्ये नाव दिलेल्या, मध्य भारतातल्या विंध्य खडकांचं वय वादातच राहिलं, कारण भरवशाचे जीवाश्म नाहीत. खालच्या विंध्यातल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थरांमधल्या झिरकॉन या खनिजावरून सुमारे 160 कोटी वर्षं हा आकडा 2002 मध्ये आला.

सॉल्ट रेंज या डोंगररांगेतल्या मिठाचा वाद याहून रंगला. (आज ती पाकिस्तानात आहे.) मिठावरच्या थरांत कॅम्ब्रियन (50 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे) ट्रायलोबाइट, म्हणजे नामशेष झालेले कवचधारी सागरी प्राणी, तर 1940च्या दशकात जीवाश्म-वनस्पतितज्ज्ञ बिरबल साहनींना मिठातच, त्यानंतर फार उशिरा आलेल्या सपुष्प वनस्पतींचे सूक्ष्म तुकडे मिळाले. त्यांनी मीठ इओसीन, म्हणजे जेमतेम पाच कोटी वर्षांच्या आसपासचं, ठरवलं. पण मीठ विरघळतं, पुन्हा स्फटिकतं. असे तुकडे मागाहून आत शिरू शकतात. आज ते मीठ कॅम्ब्रियनच्या उंबरठ्यावरचं मानतात. म्हणजे इथे ‘खालचा जुना’ हेच बरोबर निघालं. तरी ते गृहीत धरता येत नव्हतं: दाबाखाली मीठ कणकेसारखं वाहतं आणि वरचे थर त्यावरून घसरत जातात.