ईएमईतला डोकेबाज मेकॅनिक लवकर उस्ताद व्हावा

सैन्यातल्या गाडी-दुरुस्तीचं कौतुक जुगाडापाशीच थांबतं, ते मला पटत नाही. ईएमईत, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, भरती झालेला पोरगा सिकंदराबाद किंवा भोपाळच्या सेंटरला ट्रेड शिकतो, मग युनिटच्या एलएडीत, म्हणजे युनिटसोबतच्या छोट्या दुरुस्ती-तुकडीत, हात काळे करतो. त्यातला डोकेबाज निघालेला गडी हवालदार झाला की लगेच उस्ताद, म्हणजे शिकवणारा, म्हणून वर्गावर घ्यावा. निवृत्तीच्या तोंडावर घेऊन काय उपयोग?

लडाखमधली सकाळ घ्या. ट्रक उठत नाही. नवखा सेल्फ मारत राहतो आणि २४ व्होल्टची बॅटरी-जोडी झोपवतो. उस्ताद आधी बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावतो. १.२८ म्हणजे बॅटरी भरलेली. १.१० असेल तर उणे ७ अंशांच्या आसपासच आतलं ॲसिड गोठतं, कवच तडकतं. बॅटरी ठीक असेल तर डिझेल पाहायचं. थंडीत त्यातलं मेण गोठून आधी फिल्टरमध्ये अडकतं. इंडियन ऑइलचं उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल २०१९मध्ये लडाखला आलं, पण टाकीच्या तळाशी जुनं उरलं असेल तर रडगाणं तेच.

फिल्टर बदलला की लाइनीत हवा शिरते. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारत फिल्टरचा ब्लीड स्क्रू बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवायचा, मग पंपाचा, शेवटी सेल्फ मारताना इंजेक्टरचे नट किंचित सैल करायचे. हे फक्त जुन्या पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेलवर, म्हणजे प्रचंड दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर, असं केलंत तर डिझेल थेट कातडीत घुसेल.

जुगाडही रीतीनेच शिकवावा लागतो. एकाच सर्किटच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पुढच्या डाव्या चाकाची नळी फुटली, तर फुटलेल्या जागेच्या अलीकडचा, मास्टर सिलिंडरच्या बाजूचा तुकडा दुमडून, ठोकून बंद करता येतो आणि वर्कशॉप गाठता येतं. पण ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते, म्हणून माल उतरवायचा, खालच्या गिअरमध्ये चालवायची, स्टिअरिंगला लाल चिठ्ठी आणि लॉगबुकात नोंद. चिठ्ठी विसरणारा माझ्या लेखी कल्पक नव्हे, धोकादायक.

आणि परीक्षेत मार्क गाडी सुरू केल्याचे नकोत, कारण ओळखल्याचे हवेत. दहा मिनिटं चालून बंद पडणारी, थोडं थांबलं की पुन्हा उठणारी गाडी समोर ठेवा. फिल्टर बदलणारा नापास. टाकीचं झाकण उघडून ‘फुस्स’ आवाज ऐकणारा आणि झाकणाचं बुजलेलं हवेचं छिद्र साफ करणारा पास.