कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे?

आज इथे बडोद्यात दांडिया बजारात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक लांबचे नातेवाईक. त्यांचे ट्रक आहेत, मुंबई-अहमदाबाद लाइनवर चालतात. मठ्ठा येईपर्यंत त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि "हे बघा, एआय!" म्हणत ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्याची एक क्लिप लावली. रात्री तीनचा सुमार, इन्फ्रारेडचा राखाडी उजेड, गळ्यात गमछा घातलेला एक माणूस स्टिअरिंगवर बसून जांभई देतोय. जांभई पुरी व्हायच्या आत केबिनमध्ये पीं-पीं सुरू. "लगेच मला मेसेज येतो. महिनाअखेर पाचशे कापतो. सुतासारखे सरळ आलेत सगळे." पंगत हसली. मी पानातली जिलेबी तशीच टाकून उठलो. बायकोचं म्हणणं, चारचौघांत उगाच तमाशा केलात. केला असेल.

मी विचारलं एवढंच, की हा माणूस किती वाजल्यापासून गाडीवर होता? तर म्हणे, "ते त्याचं त्याला ठाऊक, माल सकाळी पोचायला पाहिजे." अहो, 1961 सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच मर्यादा घातली होती. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. तुमच्या एआयला जांभया मोजता येतात आणि तास मोजता येत नाहीत? गाडीत जीपीएस आहेच. इंजिन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, सगळं त्याच मोबाइलवर दिसतं. त्या आकड्यासाठी कुणाचे पाचशे कापायचे ते सांगा.

मग विचारलं, रस्त्याकडे बघणारा कॅमेरा आहे का? "तो कशाला? दोन तोंडांचा महाग पडतो."

इथे माझं डोकं सटकलं. का, ते माझ्या जवळच्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात वाघोडिया चोकडीजवळ संध्याकाळी मी वळायला थांबलो होतो. समोरून मालाचा टेम्पो येत होता, बेताच्याच वेगात. एक पोरगा स्कूटरवर राँग साइडने आला. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, तरी स्कूटर बंपरवर आदळली. पोरगा पडला, पाय मोडला. बघता बघता ही गर्दी! त्यातल्या बहुतेकांनी काही पाहिलेलं नव्हतं, पण निकाल लागून गेला होता. मोठी गाडी ना? मग चूक तिचीच. ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढला. एकाने हेल्मेटने मारलं, जे हेल्मेट त्याने स्वतः डोक्यावर घातलं नव्हतं, हातात लटकवलं होतं. ड्रायव्हर हात जोडून एकच वाक्य म्हणत होता, "साहब, मैंने ब्रेक मारा था."

पोलीस आले. टेम्पोत काचेला कॅमेरा दिसला, तेव्हा मला हायसं वाटलं. मालकाला फोन गेला, त्याने क्लिप पाठवली. क्लिपमध्ये काय? ड्रायव्हरचा चेहरा. डोळे मोठे होतात, खांदे स्टिअरिंगवर आदळतात, तोंड उघडतं. संपलं. ना रस्ता, ना स्कूटर. त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण स्वच्छ रेकॉर्ड झाला होता आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

उपयोगी पडला तो माझ्या गाडीतला रस्त्याकडे बघणारा कॅमेरा, मुलाने वाढदिवसाला घेऊन दिलेला. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. धडक बसली की कॅमेऱ्यातला धक्का ओळखणारा जी-सेन्सर ती फाइल आपोआप लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही, पण माझ्या गाडीला धक्काच लागला नव्हता. लूप रेकॉर्डिंगमध्ये कार्ड भरलं की सगळ्यात जुनी फाइल पुसून तिच्यावर नवी चढते. दुसऱ्याचा अपघात डोळ्यांसमोर झाला तर लॉकचं बटण आपल्या हाताने दाबायचं. ते कुठे आहे ते आजच शोधून ठेवा. साहेबांनी व्हिडिओ तिथल्या तिथे पाहिला आणि म्हणाले, "काका, पेनड्राइवमां आपी जजो." (पेनड्राइव्हमध्ये देऊन जा.) नंतर कळलं की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे कोर्टात असल्या फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅशही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकड्या-अक्षरांचा ठसा) द्यावा लागतो. म्हणजे मूळ कार्ड जपून ठेवायचं, व्हॉट्सअॅपवर चेपून आलेली कॉपी नव्हे.

आणि मी तिथे नसतो तर?

आपण सगळे म्हणतो, ट्रकवाले ठोकून पळतात. मीही म्हणायचो. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 134 वाचा. जखमीला दवाखान्यात पोचवणं ही ड्रायव्हरची जबाबदारी, असं सांगताना त्यातच अपवाद लिहिलाय, जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर. 1988 च्या कायद्याला आपली गर्दी ठाऊक आहे! जानेवारी 2024 मध्ये ड्रायव्हर लोकांनी संप केला तो कशावर? निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि ड्रायव्हर न कळवता पळून गेला तर 10 वर्षांपर्यंत कैद, या नव्या भारतीय न्याय संहितेतल्या पोटकलमावर. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा आपण त्यांना शिव्या घातल्या. ते पोटकलम सरकारने अजून लागू केलेलं नाही. थांबला तर मार आणि पळाला तर कैद, यातलं काय निवडायचं ते हेल्मेटवाल्याने सांगावं.

झोपेने अपघात होतात, मान्य. पीं-पीं ऐकून एखादा जागा झाला आणि वाचला तर चांगलंच आहे. डिझेल मारणारेही असतात, तेही मान्य. पण जागा झालेल्याला ढाब्यावर दोन तास झोपू द्या ना! पाचशे कापून झोप भरून निघते का?

आता कारवाले मित्र. तुमचं वेगळंच. कॅमेरा घेतला की रोज एक क्लिप, वर ढँण ढँण संगीत, खाली हसऱ्या तोंडांची रांग. "बघा ही बाई कशी चालवते." नंबरप्लेट सरळ दिसतेय, चेहरा दिसतोय, कुणाला पडलेली नाही. जीपीएसवाल्या कॅमेऱ्यात कोपऱ्यात तुमचा स्वतःचा वेगही छापून येतो, तो तरी बघत जा पोस्ट करण्याआधी.

वाघोडिया चोकडीची क्लिप मी इथे टाकलेली नाही, मागूही नका. त्या पोराची आई पोलीस चौकीत आली होती. भांडायच्या तयारीने आली होती, दोन काका बरोबर घेऊन. व्हिडिओ बघितला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, भाई, हे सगळ्यांना दाखवणार का? अकरावीतला पोरगा. राँग साइडने आला, चूक त्याचीच, पण ती चूक त्याने जन्मभर लोकांच्या मोबाइलवर बघावी एवढी मोठी नाही. ड्रायव्हर सुटला, तेवढ्यासाठी ती फाइल होती.

तर मुंजीतल्या नातेवाइकांनो, हे वाचत असाल तर (वाचणारच, कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेल), एका ट्रकच्या एका फेरीच्या टोलमध्ये काय जातं ते तुम्हीच सांगा आणि मग महाग म्हणा. आतला ठेवायचा तर ठेवा. आधी बाहेरचा लावा आणि त्याची फाइल ड्रायव्हरलाही मिळेल असं करा.

आमच्या सोसायटीतल्या पोरांना शाळेत नेणारी व्हॅन आहे, तिला रस्त्याकडे बघणारा कॅमेरा बसवायचं ठरवलंय. व्हॅनवाले काका तयार आहेत. लिथियम बॅटरीवाला नको, आपल्याकडच्या मे महिन्यात काचेमागे फुगतो, कपॅसिटरवाला घेऊ. दोन आयांना आतही हवाय. लावू, पण मुलांच्या सीटकडे तोंड करून. वर्गणी द्यायची असेल त्यांनी मला फोन करा. आणि मकरपुऱ्याकडे मूळ वायरिंग न कापता फ्यूजबॉक्सवरून कनेक्शन देणारा कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर नंबर इनबॉक्समध्ये टाका, रविवारी येणारा असला तर उत्तम.