'चिप लॉक केली की झालं' म्हणणाऱ्यांना उत्तर

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "ओपन सोर्स म्हणजे फुकट. आर्डुइनोचा बोर्ड उचला, कोड उचला, चिप लॉक करा, आपलं स्टिकर लावा आणि विका. परवाने परदेशात चालतात, इथं कोण विचारतंय?" आर्डुइनो म्हणजे यंत्रं चालवायचा छोटा संगणक-बोर्ड; त्याची डिझाइन आणि कोड सगळ्यांना खुले आहेत, म्हणजेच ओपन सोर्स. चिप लॉक करणं म्हणजे आतला कोड कुणाला वाचता येऊ नये अशी सोय. मी स्वतः पंपाचे कंट्रोलर बनवतो. हा सल्ला ऐकून उद्या एखादा होतकरू पोरगा अडकेल, म्हणून लिहितोय.

फुकट? पैसे द्यावे लागत नाहीत, पण अट पाळावी लागते. फ्रीआरटीओएस, म्हणजे छोट्या चिपवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, 2017 पासून एमआयटी नावाच्या परवान्यात आहे. तिथं मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत द्या, एवढंच मागणं. माहितीपुस्तिकेचं एक पान!

कोडचं जरा नीट समजून घ्या, कारण घोळ इथंच होतो. आर्डुइनोची मूळ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एलजीपीएल नावाच्या परवान्याखाली आहे. तुमचा स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे मोटर कधी चालू आणि कधी बंद हे डोकं, तुमचंच राहतं. त्याचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, कुणाला द्यावा लागत नाही. पण लायब्ररीत बदल केलात तर ते बदल खुले करावे लागतात. शिवाय गिऱ्हाइकाला नवी लायब्ररी जोडून फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्राम) पुन्हा बांधता यावं म्हणून कम्पाइल झालेल्या, म्हणजे चिपच्या भाषेत उतरवलेल्या, ऑब्जेक्ट फाइल उपलब्ध ठेवाव्या लागतात. चिप लॉक केल्यानं ही जबाबदारी टळत नाही. जीपीएल या जास्त कडक परवान्याचा कोड मिसळलात, तर मात्र तो मिसळलेला अख्खा प्रोग्राम सोर्ससकट द्यायची तयारी हवी.

बोर्डाचं म्हणाल तर आर्डुइनोच्या उनो या बोर्डाची डिझाइन वापरायला, बदलायला, विकायलाही मुभा आहे. मूळकर्त्याचं श्रेय द्या आणि बदललेल्या डिझाइन फाइल त्याच परवान्यात ठेवा. 'आर्डुइनो' हे नाव मात्र ट्रेडमार्क आहे, ते आपल्या मालावर छापता येत नाही. 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर आपल्या चपलेसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय गिळणं तेव्हा चूक होतं, तर आताही चूकच आहे.

कुणाला कळत नाही म्हणता? 2003 मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी राउटरमध्ये लिनक्स, म्हणजे जीपीएलखालची ऑपरेटिंग सिस्टिम, आहे हे लोकांनीच शोधलं. कंपनीला सोर्स खुला करावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. लिंक्सिसची मालक सिस्को होती. तिच्यावर 2008 मध्ये जीपीएल परवाना लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेनं खटला भरला आणि पुढच्या वर्षी तिला तडजोड करावी लागली.

राहिला कायदा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृती धरला जातो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीची अट मोडली की परवानाच आपोआप संपतो, म्हणजे तो कोड असलेला माल विकायचा हक्कही गेला.

आमच्याकडे बोर्डाची ऑर्डर देण्याआधी एक तक्ता भरतात: लायब्ररीचं नाव, आवृत्ती, परवाना, आपण काय बदललं. अर्ध्या तासाचं काम. कुणाला कोरा तक्ता हवा असेल तर मागा, पाठवतो.