जाताना उजवी, येताना डावी? आधी विमान किती वाजता सुटतंय ते बघा

मे महिना लागला, मुलांकडे परदेशी निघालेल्यांची बांधाबांध सुरू झाली, की दादरपासून डोंबिवलीपर्यंतच्या घरोघरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘मुंबईहून लंडनला, युरोपला जाताना कायम उजवीकडची खिडकी घ्या, येताना डावीकडची. सूर्य दक्षिणेला असतो, त्यामुळे या बाजूला ऊन लागत नाही. हिमालय आणि आल्प्सही याच बाजूला दिसतात. ज्येष्ठांना खिडकीच द्या. जादा पैसे पडले तरी भरा.’ खाली हात जोडलेले, की वाद संपला!

मुळात ‘सूर्य दक्षिणेला असतो’ हे मुंबईपुरतंसुद्धा बारा महिने खरं नाही. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, आपल्याकडे मेच्या मध्यात येतो आणि दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. या दोन तारखांच्या मधल्या काळात भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे लोक सर्वात जास्त परदेशी जातात, नेमक्या त्याच दिवसांत या नियमाचा पाया मुंबईतच डळमळतो.

पण खरा प्रश्न दिशेपेक्षा वेळेचा आहे. लंडनचं विमान ढोबळमानाने वायव्येकडे जातं. उजव्या खिडकीसमोर ईशान्य, डाव्या खिडकीसमोर नैऋत्य. डिसेंबरात दुपारी सुटणाऱ्या विमानात मेसेज बरोबर ठरतो: सूर्य डावीकडे कलतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. मुक्काम शब्दशः, कारण पश्चिमेकडे जाणारं विमान सूर्याच्या मागे पळत असतं. 50 अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण 1,070 किलोमीटरने पूर्वेकडे फिरतो आणि विमान ताशी 900च्या आसपास उडतं. सूर्य पुढे सरकतो खरा, पण फार सावकाश. मुंबईतली दुपार संपता संपत नाही.

हेच विमान जूनमध्ये घ्या. लंडनला त्या दिवसांत सूर्य रात्री नवाच्या पुढे मावळतो आणि तोही वायव्येला, म्हणजे जवळजवळ विमानाच्या नाकासमोर. डावं-उजवं करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आणि मुंबईहून युरोपला जाणारी कितीतरी विमानं सुटतात मध्यरात्रीनंतर. थंडीत ती बहुतेक सगळा प्रवास काळोखात करतात, उजाडायच्या आत उतरतातसुद्धा. उन्हाळ्यात मात्र वाटेतच पहाट होते, आणि उन्हाळ्यातला सूर्य उगवतो ईशान्येला. म्हणजे ऊन चुकवायला पैसे भरून घेतलेल्या त्याच उजव्या खिडकीतून, नुकता डोळा लागलेला असताना, तिरीप थेट तोंडावर. परतीचंही तसंच. लंडनहून रात्री सुटून सकाळी मुंबई गाठणाऱ्या विमानात उन्हाळ्यातला सूर्योदय डावीकडे होतो. मेसेजवाला सांगतो तीच बाजू!

हा नियम विमानापेक्षा जुना वाटतो. बॅलार्ड पियरवरून बोटीने विलायतेला जायचे दिवस असते, तर वातानुकूलन नसलेल्या केबिनला सावलीची बाजू मिळणं ही चैन होती, हे पटलं असतं. विमानात उकडत नाही, फार तर डोळ्यांवर चमक येते. बोइंग 787 मध्ये तर खिडकीला वर-खाली करायचं झाकणच नाही. काच बटणाने गडद निळी होते आणि कर्मचाऱ्यांना सगळ्या काचा एकदम गडद करून तशाच ठेवता येतात. भरदिवसा बाहेर बघायची हौस असेल तर ऊन परवडलं, ही निळी काच नको.

आता हिमालय. 11 किलोमीटर उंचीवरून क्षितिज साधारण 375 किलोमीटरवर असतं. समोर नंदादेवीसारखं 7,816 मीटरचं शिखर असलं, तरी हवा काचेसारखी स्वच्छ धरून हिशेब 700 किलोमीटरच्या आत संपतो. मुंबईहून पश्चिमेला निघालेलं विमान त्याच्या कितीतरी बाहेर असतं. शिवाय वाट ठरलेली नसते: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झालं. एकाच शहराला जाणारी दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या देशांवरून जाऊ शकतात. हिमालय पाहायचाय ना? दिल्लीहून बागडोगऱ्याला (दार्जिलिंगजवळचा विमानतळ) जा, दिवसा, डावीकडे बसा. लंडनचं तिकीट त्यासाठी नको.

आल्प्सची बाजू तर सरळ उलटी सांगितली आहे. तुर्कस्तान, हंगेरी, जर्मनी अशा वाटेने लंडनला जाताना आल्प्स दक्षिणेला राहतात, म्हणजे डावीकडे. उजवीकडे बसलेल्याला दिसते बव्हेरियाची शेती. उजव्या खिडकीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो मेसेजमध्ये नाही: हीथ्रोवर पूर्वेकडून उतरताना, आणि बहुतेक वेळा तसंच उतरतात, थेम्स आणि मध्य लंडन उजवीकडे दिसतं. मुंबई सोडताना म्हणाल तर विमान बहुधा पश्चिमेकडे झेपावतं. उजवीकडे जुहूची चौपाटी आणि वर्सोवा, डावीकडे वांद्रे आणि सी लिंक. पावसाळ्यात दोन्हीकडे ढग.

बाजूपेक्षा रांग महत्त्वाची, याबद्दल मेसेज गप्प आहे. पंखावरच्या सीटवरून आल्प्स काय आणि आसनगाव काय, दिसतो तो पंखच. इंजिनाच्या मागे बसलात तर गरम हवेमुळे खालचं सगळं थरथरतं. आणखी एक गंमत: खिडक्या विमान बनवणारा ठरवतो, सीटमधलं अंतर विमान कंपनी. दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही, त्यामुळे ‘विंडो सीट’चे पैसे भरून शेजारी कोरी भिंत मिळू शकते. सीटचा नकाशा बघताना एवढं पाहून घ्या. ए अक्षर डावीकडचं. मोठ्या विमानात उजवीकडची खिडकी बहुधा के.

राहता राहिले ज्येष्ठ. नऊ-दहा तासांच्या प्रवासात दर वेळी दोन झोपलेल्या माणसांना उठवून बाथरूमला जायचं, की संकोचाने पाणीच कमी प्यायचं आणि पाय सुजवून घ्यायचे? गुडघे दुखणाऱ्या मावशींना आइल सीट द्या. उठता येतं, चार पावलं चालता येतं. विमान रात्री दोनचं असेल तर खिडकीत त्यांना दिसणार आहे काय, पंखावरचा लुकलुकता दिवा?