बापाची इंटरॅक्शन

रविवारी आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरात पोहे वाफेवर चढले की शाळेचा विषय आपोआप निघतो. "सरकारी शाळेला काय धाड भरलीय?" काका विचारतात. ते स्वतः चिमणबागेतल्या शिवाजीराव शाळेत शिकले आणि वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, त्यामुळे हा प्रश्न ते उभं राहून विचारतात. "मग तुमचे दोघे मिशनच्या शाळेत कसे?" असं मी एकदा बोलून बसलो. काकांनी जिरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, बाटली माझ्यापासून लांब सरकवली. इंदुरात याहून कडक शिक्षा नाही.

यंदा आमची चिऊ सहा वर्षांची झाली. बायकोने खाजगी शाळेचा फॉर्म भरला आणि इंटरॅक्शनची तारीख आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाला किंवा आईबापांना चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या खेपेला २५ हजारांपर्यंत दंड. म्हणून मुलाखत कुणी घेत नाही. इंटरॅक्शन घेतात.

आठवडाभर घरात इंग्रजीतच बोलायचं ठरलं. इतकी शांतता आमच्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच नांदली.

मॅडमनी मला छंद विचारला. रीडिंग, हे पाठच होतं. "सध्या काय वाचताय?" हे मात्र पाठांतरात नव्हतं. डोळ्यांसमोर आलं ते फक्त भिंतीवरचं पंचांग, आणि मी तेच सांगितलं. हिने टेबलाखालून पाय दिला. मग चिऊला विचारलं, रात्री केव्हा झोपतेस? "सराफा झाल्यावर," चिऊ म्हणाली. "गराडू खाऊन." सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, आणि गराडू म्हणजे तिथला तळलेला कंद.

बाहेर पडताना फीचा कागद हातात आला. काका म्हणाले, "मध्य प्रदेशात २०१७ चा कायदा आहे, दहा टक्क्यांवर फी वाढवायची तर जिल्हा समितीला विचारावं लागतं." खरंय. पण मला घाम फुटला होता तो न वाढलेल्या आकड्यानेच.

दुसऱ्या दिवशी हिला न सांगता मी कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत गेलो. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण शाळेतच. मोठ्या मॅडमना माझ्या छंदांत काडीचाही रस नव्हता. मला भरून आलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "समग्र आयडी ले आइए।"

मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: हा आमचा सरकारी नऊ आकडी नंबर. तो नसेल तर माणूस समोर उभा असूनही नसतो. चिऊचा नंबर होता, पण त्यावर लिंग 'पुरुष' होतं.

तेव्हापासून नगर निगमच्या झोन ऑफिसात तीन चकरा झाल्या. पहिल्या दोन सर्व्हरने खाल्ल्या. दरम्यान खाजगी शाळेचा मेसेज आला: चिऊची निवड झाली आहे, शुक्रवारपर्यंत फी भरा, सोबत समग्र आयडी जोडा. (पंचांगाने तारलं की गराडूने, यावर आमचं एकमत नाही.)

तिसऱ्या चकरेत रांगेत माझ्या पुढच्याची मुलगी सरकारी शाळेत होती, मागच्याचा मुलगा खाजगीत. दोघांच्याही हातात तसलाच फॉर्म. मी नुसतं विचारलं, "कैसी है स्कूल?" आणि पोह्यांशिवाय रविवार सुरू झाला. पुढचा म्हणाला, सरकारी मास्तर परीक्षा देऊन आलेला असतो. मागचा म्हणाला, आलेला असतो, पण वर्गात कुठे असतो? मी काकांचं उदाहरण देणार, इतक्यात खिडकीची फळी पडली.

"लंच है, भिया।"