आमच्या तात्याला एकटं राहायचंय

कासव म्हटलं की आपल्याला देवळातलं कासव आठवतं, सभामंडपाच्या फरशीत बसवलेलं, त्याला हात लावून मग पुढे जायचं. गीतेत तर स्थितप्रज्ञाला थेट कासवाचीच उपमा दिलीय, कासव जसं अवयव आत ओढून घेतं तशी माणसाने इंद्रियं आवरावीत म्हणून. आमचा तात्यापण डोकं आत घेतो. पण ते धडक मारायच्या आधी.

आम्ही राहतो अमेरिकेत, फिनिक्सच्या शेजारी चँडलरला. तात्या सल्काटा जातीचा, मूळ आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिणेला साहेल म्हणून जो कोरडा पट्टा आहे तिकडचा. गॅलापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरची कासवं सोडली तर जमिनीवरचं ह्याच्याएवढं मोठं कासव जगात नाही. इथल्या पेट शॉपमध्ये मात्र तो लिंबाएवढं गोंडस पिल्लू म्हणून मिळतो आणि पुढे 40-50 किलोचा होतो हे लोकांना सोफ्याला भोक पडल्यावर कळतं, मग ते दत्तक देतात. तात्या आमच्याकडे असाच आला. लेकीने नाव ठेवलं होतं शेल्डन. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, "अगोबाई, हे तर आमच्या वाड्यातले तात्या, अस्सेच बघायचे." संपलं, शेल्डन गेला आणि तात्या आला.

तर धडक. आधी तो चालता चालता थांबतो. डोकं एकदोनदा वरखाली करतो, बघणाऱ्याला वाटतं नमस्कार करतोय. मग मान आत, मागचे पाय रोवलेले, अंग थोडं मागे, आणि ठप्प! खरं हत्यार गळ्याखाली असतं. पोटाकडच्या कवचाचं टोक तिथे पुढे आलेलं असतं, नांगराच्या फाळासारखं, ते तो समोरच्याच्या खाली घुसवतो आणि उचकटतो. समोरचा उलटा पडावा ह्यासाठी सगळा खटाटोप. मादागास्करमध्ये तर एक जात आहे जिचा हा फाळ इतका लांब वाढतो की नर मारामारी म्हणजे फक्त उलटापालटीच करतात.

आता परसात दुसरं कासव नसताना तात्या कोणाला उलटं पाडतो? कचऱ्याच्या चाकवाल्या डब्याला. बार्बेक्यूच्या पायांना. बागेच्या खुर्चीला, तीत मी बसलेलो असताना. आणि सगळ्यात जास्त म्हणजे स्लायडिंग डोअरच्या काचेला, कारण काचेत रोज सकाळी एक दांडगा नर उभा असतो, तात्या थांबला की तोही थांबतो, तात्याने डोकं हलवलं की तोही हलवतो, आणि कितीही धडका मारल्या तरी पळून जात नाही. असला निर्लज्ज शेजारी मला असता तर मीपण चिडलो असतो.

आईबाबा आले तेव्हा हे सगळं जोरात होतं. बाबांच्या काळ्या सँडल पहिल्याच दिवशी गेल्या, म्हणजे त्यांच्या पायातच होत्या. गडद रंगाचं, जमिनीलगत हलणारं काहीही दिसलं की त्याला ते कासवच वाटत असणार. आईचं वेगळं. तिच्या पायाला लाल नेलपॉलिश, आणि लाल-पिवळं दिसलं की कासव खायला येतं, त्यामुळे ती निवांत मटार सोलत बसली की हा तिच्या अंगठ्याकडे निघायचा. ती म्हणायची, बघ कसा पाया पडायला येतो.

आणि मग घराघरांत येतो तो विषय आलाच. "एकटा पडलाय रे तो."

मी सांगून बघितलं. आई, त्याला एकटंच राहायचंय. त्याच्या मुलखात ऊन असं की जमिनीत खोल बीळ खणून बसणारा वाचतो, बीळ ज्याचं त्याचं, वाटणी नाही, म्हणून तो वयात आला की दुसऱ्या नराला हाकलतो. इथेपण त्याने लिंबाखाली मी आडवा मावेन एवढं बीळ खणलंय आणि त्याच्यापुढे मी पाईप घेऊन गेलो तरी तो बाहेर येऊन चौकशी करतो. त्याला कंपनी नकोय, त्याला सात-बारा हवाय. आईने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोला, मुग्धाला म्हणाली, "लग्नाआधी हापण असंच म्हणायचा."

शेजारचे आजोबा आईच्या बाजूने निघाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही पण काय झालं कुणास ठाऊक, ते एक दिवस ढकलगाडीत कासव घालून हजर. त्यांच्या भाच्याने सोडलेलं, तात्याच्या अर्ध्याहून लहान, आणि मादी. मादी कशावरून? तर लाजाळू आहे. मी म्हटलं अहो साधारण फूट-सव्वा फुटाचं होईपर्यंत सल्काटात नर-मादी नक्की सांगता येत नाही, पण माझा विरोध नोंदवून घेऊन ठराव एकमताने मंजूर झाला. आईने तिला हळदीकुंकू लावलं आणि नाव ठेवलं लक्ष्मी.

सुरुवातीला सगळे खूश. लक्ष्मी दिवसभर कोपऱ्यात कुंडीमागे आणि तात्या बरोब्बर तिच्या समोर. "कसे शेजारी शेजारी बसतात बघ," आई म्हणायची. ते शेजारी बसणं नव्हतं, नाकाबंदी होती. ती गवताकडे निघाली की हा आडवा, पाण्याकडे निघाली की हा आडवा. कासवांची जोडी ठेवू नये म्हणतात ते ह्याचसाठी, दोघांत एक दादा होतो आणि दुसरा न भांडता, न ओरडता नुसता खायचा बंद होतो आणि आपल्याला वाटतं काय छान जमलंय.

मग धडका सुरू झाल्या. आई म्हणाली भांडतायत. मी म्हटलं, सांगता येत नाही, प्रेम असलं तरी नर आधी धडकाच मारतो आणि पाय चावतो, पद्धत एकच. त्यावर आईने बाबांकडे नुसतं बघितलं. आणि तेवढ्यात, बाबा, आई, मुग्धा आणि चहा घ्यायला आलेले आजोबा अशा भरल्या सभेत तात्या लक्ष्मीच्या पाठीवर चढला आणि एरवी तोंडातून हूं की चूं न काढणारा हा प्राणी असा काही घोगऱ्या आवाजात ओरडायला लागला की बाबा उठून लिंबाच्या झाडाला किती लिंबं आलीत ते मोजायला गेले. बराच वेळ मोजत होते.

मे महिन्यात, पारा 40च्या वर असताना, दुपारी ठप्प आवाज आला तो वेगळाच. लक्ष्मी उलटी. हे साधं नसतं, कासवाची फुप्फुसं पाठीच्या बाजूला असतात, उलटं पडलं की सगळ्या आतड्यांचा भार त्यांच्यावर येतो आणि वरून ऊन, थोडा वेळ कुणी बघितलं नाही तर खेळ खलास. मी अनवाणी धावलो, तळपाय भाजले. सरळ करायला वाकलो तर पोटाकडचं कवच मध्ये खोलगट आणि शेपटी चांगली लांब.

"आई," मी म्हटलं, "लक्ष्मीचं लक्ष्मण झालंय."

लक्ष्मण त्याच संध्याकाळी ढकलगाडीतून परत गेला आणि तिकडे स्वतंत्र परसात आता दाबून खातो. तात्याचा इलाज त्याहून स्वस्तात झाला. कासवाला कुंपणापलीकडचं दिसत असलं की तो तिकडे जायला धडपडतो, न दिसणाऱ्या गोष्टीशी त्याचं भांडण नाही. म्हणून जाळीच्या फाटकाला खालून दोन फूट प्लायवूड ठोकलं. काचेला खालच्या भागात दुधी फिल्म लावली, काचेतला तो निर्लज्ज शेजारी कायमचा घर सोडून गेला. काळ्या चपला आत. तात्या आता सकाळी येतो, दुधी काचेसमोर जरा थांबतो आणि निवडुंग खायला जातो. डब्याला अजून मारतो, पण डब्याचं काय, त्याला सवय आहे. बाबांनी कुठेतरी वाचलं की गॅलापागोसची कासवं मान वर करून उभी राहतात आणि ज्याची मान जास्त उंच तो जिंकला, मारामारी नाही. "सभ्य लोक," बाबा म्हणाले, "आपल्याला नेमका हाच मिळाला."

परत गेल्यावर आईचा फोन. माझी तब्येत, नातीची शाळा, मग मुद्दा. सांगलीच्या मावशीच्या ओळखीत एकांकडे कासवी आहे, पाठीवर चांदण्या असलेली, स्वभावाने गरीब, कधी कुणाला धक्का लावला नाही. पाठवू का कुणाबरोबर?

मी म्हटलं आई, ते चांदण्यांचं कासव 1972च्या वन्यजीव कायद्यात येतं, घरात ठेवणंच गुन्हा आहे. त्यांना सांग आधी वनखात्याला फोन करा, नाहीतर आपल्याला मावशीला सोडवायला जावं लागेल.

"बरं बाई," आई म्हणाली. "पण नक्की मादीच आहे हं ती, मावशीने स्वतः बघितलंय."