आधी कप्पा ठरवा, मग घाबरा

कोजी सुझुकींची जपानी कादंबरी 'रिंग' (१९९१) वाचायला घेताय? मग घाई नको. पहिलं पान उलटण्याआधी ही भुताची गोष्ट, रहस्यकथा की विज्ञानकथा, याचा निकाल लावून टाका. त्याशिवाय घाबरायचं की डोकं चालवायचं, हे कळणार कसं?

धारप-मतकरींवर वाढलेल्या तुम्हाला तक्रारीला सुरुवातीपासूनच जागा आहे. चार तरुण एकाच वेळी हृदय बंद पडून मरतात आणि तपासाला कोण निघतं, तर असाकावा नावाचा पत्रकार. ना मांत्रिक, ना भगत! शिवाय गॉथिक म्हटलं की पडका वाडा हवा, करकरणारा जिना हवा. इथे रिसॉर्टमधली भाड्याची केबिन. तिच्याखाली जुनी विहीर आहे, पूर्वी त्या जागी क्षयरोग्यांचं रुग्णालय होतं, हे मान्य. पण जपानमधल्या हिमेजीला ओकिकूची विहीर आजही दाखवतात, थाळ्या मोजणाऱ्या मोलकरणीच्या भुताची. तिला निदान सोबतीला किल्ला तरी आहे.

जी पाहणारा ठरलेल्या मुदतीत मरतो, त्या शापित व्हिडिओ टेपच्या शेवटी मरण टाळायचा उपाय असतो, आणि नेमकी त्याच्यावर कुणीतरी डासांच्या कॉइलची जाहिरात टेप करून ठेवलेली. इथे हसू आलं तर दाबा. भयकथेत हसणं नियमात बसत नाही. पुढे मुदत संपत आलेली असताना दोन पुरुष केबिनखाली शिरून बादलीनं विहीर उपसत बसतात. दोर, चिखल, भरून आलेले हात. ही पानं सरळ गाळा. (खरी भीती तिथेच आहे, पण ते राहू दे.)

सादाको, म्हणजे त्या टेपमागचं भूत, टीव्हीतून बाहेर कधी येते, याची शेवटपर्यंत वाट बघा. ती येते १९९८च्या चित्रपटात, कादंबरीत नाही. तेव्हा लेखकानं चित्रपट नीट पाहिलेला दिसत नाही, असं ठणकावून सांगा.

देवीच्या विषाणूचा उल्लेख आला की पुस्तक मिटा आणि "मग शापाचं काय झालं?" असं विचारा. १९९५चा पुढचा भाग तर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या हाती जातो आणि १९९८चा 'लूप' संगणकातल्या जगात. तीन पुस्तकं, तीन कप्पे. लेखकाला एकदाचं ठरवता आलं नाही, दुसरं काय!

शेवट मात्र आधीच वाचून घ्या. पूर्वी 'हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल' अशी पोस्टकार्डं यायची, तसा तो ग्रुपवर सगळ्यांना पाठवून द्या. सादाकोची काही हरकत नसेल.